वळणाची आळी

अहो,

तुमच्यासाठी रडायला माणसं कमी पडली नाहीत. अख्खी वरची आळी दारात उभी होती. "देवमाणूस गेला," म्हणत होती, "मास्तरांसारखा सरळ माणूस पुन्हा होणे नाही." मी आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून ऐकत होते, आणि खरं सांगू? मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. रडू मागाहून आलं, आणि तेही संतापातच आलं. तुमच्या शाळेत सभा घेणार आहेत म्हणे. तिथे हार घालतील, भाषणं करतील. तेव्हा गोड ते त्यांच्याकडून ऐका आणि कडू ते माझ्याकडून. इतकी वर्षं दाराआडून बोलले, आज तोंडावर बोलते.

हे कुठे बसून लिहिते आहे ते शेवटी सांगेन. तुम्हाला आवडायचं नाही. आधी मुद्द्याचं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी समोरच्या आत्याबाई आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. मला वाटलं, माया करताहेत. कसली माया! केस किती दाट आहेत ते बघत होत्या. "दहाव्याला न्हाव्याला सांगून ठेवलंय," म्हणाल्या. "फार वेळ लागायचा नाही हो. डोळे मिटून घ्यायचे." बाकीच्या माना डोलावत होत्या. आणि आपली यमू, नऊ वर्षांची लेक तुमची, दाराला टेकून हे सगळं ऐकत होती.

तुम्ही म्हणाल, यात माझा काय दोष? रूढी मी थोडीच घातली? नाही घातलीत. पण आळी तुम्ही निवडलीत. दहा ठिकाणं बघून, नाकाने कांदे सोलत, निवडून निवडून तीच निवडलीत.

मुंबई सोडायची ठरली ती उंदरांमुळे. गिरगावातल्या आपल्या चाळीच्या जिन्यात उंदीर मरून पडायला लागले, पलीकडची बिऱ्हाडं प्लेगाच्या धास्तीने भराभर उठून गेली, आणि तेवढ्यात तुम्हाला ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली. देवच पावला म्हणायचं. दुसऱ्या कुणी मिळेल ते घर धरलं असतं. पण तुम्हाला नुसतं घर नको होतं, तुम्हाला वस्ती हवी होती. "मुंबईचा नुसता पसारा झालाय," म्हणायचात. "परळ सरत नाही तो दादर, दादर सरत नाही तो माहीम. कोण कुठला, कुणाला ठाऊक नाही. माणसाने राहावं तर वस्तीला काही वळण असेल अशा जागी." वळण, वळण आणि वळण! तो शब्द ऐकून माझे कान किटले होते.

मग आपली वस्त्या बघायची वरात निघाली. बायकोला कुणी घर दाखवायला नेतं का, असं तुमचे धाकटे भाऊ, आपले कल्याणचे भाऊजी, म्हणाले. त्यावर तुम्ही म्हणालात, "येऊ दे रे. चूल तिला मांडायची आहे." तेवढं तुमचं मन मोठं होतं, ते मी नाकारत नाही.

तुम्ही वस्ती बघायचात ती देवळापासून. पूजा वेळेवर होते का, पुराणाला किती माणसं बसतात, म्हाताऱ्यांना पोरं वाट देतात की नाही. मी बघायची ती विहिरीपासून. आईने शिकवलं होतं मला. "पोरी, गाव कळायला हवं असेल तर दुपारची विहिरीवर जाऊन उभी राहा. कोण कुणाची घागर डोक्यावर चढवून देते, कोण कुणाला बघून सरकते, कोण हसते नि कोण हसू दाबते, एवढं बघ. बाकीचं सगळं पुरुषांनी सांगितलेलं असतं." हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे आम्ही आता गप्पांवरून घर घ्यायचं?"

कल्याणास पारनाक्याजवळ एक जागा बघितली. छान होती, पण भावाच्या इतकं जवळ नको म्हणून तुम्हीच नाक मुरडलंत. कुणीतरी डोंबिवलीचं नाव काढलं तर हसलात. "तिथे भात आहे आणि बेडूक आहेत. वस्ती कुठली?" मग ठाण्यातच, रूळ ओलांडून कोपरीला गेलो. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओटी, मागे चिंच. विहीर उघड्यावर, आणि विहिरीवर हा गलका! कोळणी, आगरणी, एक कासारीण, स्टेशनातल्या कुणा नोकरमाणसाची देशावरची बायको, आणि मोनिकाबाय. किरिस्तांव. लाल लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हा एवढा अंबाडा आणि त्यात फूल.

यमूने तहान तहान केली. तशी मोनिकाबाय म्हणाली, "काय गो पोरी, पानी पिवाला पायजे? ये हिकरं." यमू धावली आणि तुम्ही तिचा दंड धरून मागे ओढलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई मात्र रागावली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊं दे गो बाय. तुजे हातानं पानी कार नि पाज. विहीर काय माजे बापाची नाय." मी पाणी काढलं, यमूला पाजलं, मीही प्याले. तेवढ्यात कासारणीने तिला चिडवलं, "नवरा तर खाडीत बुडाला, मग हे फूल कुणासाठी गं?" "माजे डोक्यासाठी!" ती म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. नवरा मेलेली बाई फूल माळते आणि विहिरीवर हसते, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

परत येताना तुम्ही म्हणालात, "ही वस्ती नव्हे, जत्रा आहे. सुकटीचा वास, ताडीची मडकी, सतरा जातींचा कालवा."

"माणसं बरी वाटली," मी म्हटलं.

"माणसं कुठेही बरी असतात. वळण कुठे आहे?"

वळण मग ठाण्याच्या वरच्या आळीत सापडलं. दारोदारी सारवलेलं अंगण, रांगोळी, तुळशीपुढे दिवा, संध्याकाळी घराघरांतून सहस्रनामाचा आवाज. तुमचे डोळे भरून आले. "याला म्हणतात वस्तीचा स्वभाव," म्हणालात. मी गेले विहिरीवर. विहीर बांधीव, राहाट नवा, आणि सगळं चिडीचूप. बायका पाणी भरून खालमानेने जात होत्या. एका घराच्या मागल्या दारात विधवेचं तांबडं आलवण नेसलेली एक पोर बसली होती. यमूपेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. डोक्यावरचा पदर जरा घसरला तशी आतून कुणीतरी खेकसलं, आणि तिने तो कपाळापर्यंत ओढून घेतला. "ही पाण्याला येत नाही का?" मी एकीला विचारलं. "येते की, उजाडायच्या आत," ती म्हणाली. "मग दिवसभर कुणाच्या दृष्टीला पडायचं नाही, म्हातारी होईपर्यंत, अशी आपल्या आळीची रीत आहे."

घरी येऊन मी तुम्हाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, मला त्या आळीची भीती वाटते. तुम्ही जेवत होतात. भाताचा घास हातात धरून हसलात. "अगं, त्याचा तुझ्याशी काय संबंध? मी जिवंत आहे की!"

मी जिवंत आहे की! हे काय उत्तर झालं? घराला छप्पर नाही म्हटलं तर आज ऊन आहे म्हणायचं? आणि मुंबईच्या सभेत निबंध कुणी वाचला होता? तुम्हीच ना? विधवेचे केस उतरवणं हा अधर्म आहे, तिच्या मस्तकावर अधिकार तिचा आहे. आदल्या दिवशी मला वाचून दाखवला होतात, मी पोळ्या लाटत होते, त्यातली वाक्यंच्या वाक्यं मला पाठ आहेत. भाऊजी मुद्दाम कल्याणहून आले होते ऐकायला. टाळ्या थांबेनात, असं घरी येऊन सांगत होतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुम्ही घास धरून हसलात तेव्हा ही म्हण ओठांवर आली होती, गिळली.

झालं, राहायला गेलो. गिरगावात तुम्ही मला खिडकीत बसवून वाचायला शिकवत होतात. समोरची पोरं वेडावून दाखवायची, तर तुम्ही उलट आवाज चढवायचात. वरच्या आळीतही पहिल्या दिवशी खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सहज म्हणून विचारलं, "मास्तर, काल घरातच शाळा भरली होती वाटतं?" खिडकी बंद झाली. मग आवाज बारीक झाला. मग "आज दमलोय" सुरू झालं. यमूला शाळेत घालायचं होतं, तर "आळीतली कुणाची मुलगी जात नाही, पुढच्या वर्षी बघू." तुम्हाला वाटत होतं, तुम्ही आळी निवडलीत. अहो, आळीनेच तुम्हाला घोटून घोटून आपल्यासारखं करून घेतलं. यावरून मी किती भांडले, आणि तुम्ही सुपारी कातरत बसायचात.

तरी खोटं बोलणार नाही. माझा हात भाजला होता तेव्हा तुम्ही माझी वेणी घातलीत. दार लावून घातलीत, ते सोडा. पेड कुठून कुठे जातो ते तुम्हाला काही केल्या कळेना. इंग्रजी शिकवणारे मास्तर, आणि तीन पेडांपुढे हात टेकलेत! वेणी अशी वाकडी झाली की यमू हसून गडबडा लोळली. "केवढे हे केस! तुला रोज वेळ कसा मिळतो?" म्हणालात. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात. हे तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते. आवडत नसतात तर एवढी चिडले कशाला असते? परक्यासाठी कोण तोंडाची वाफ दवडतं?

मग कावीळ झाली. वैद्य आले आणि मान हलवून गेले. तुम्हाला कळलं होतं, मलाही कळलं होतं. तेव्हा मी तुमच्यापाशी बसून मागितलं. "उद्या आळीतले सगळे समाचाराला येतील. त्यांच्यादेखत एवढं बोला, की माझ्यामागे हिच्या केसांना हात लावायचा नाही. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही." तुम्ही म्हणालात, "असलं अभद्र काय बोलतेस?" मी सोडलं नाही. मग म्हणालात, "त्यांना वाईट वाटेल गं." त्यांना! शेवटी म्हणालात, "बरं. आले की बघू."

आले दुसऱ्या दिवशी. देवळाचे पंच आले, आत्याबाई आल्या. मी दाराआड उभी. आणि तुम्ही बोललात की! चांगलं घटकाभर बोललात. देवळाच्या ओवरीची कौलं पावसाआधी चाळून घ्या म्हणालात. राहाट कुरकुरतो, त्याला तेल घाला म्हणालात. यंदा कीर्तनाला पेणचे बुवा बोलवा म्हणालात. मी दाराआडून बांगड्या वाजवल्या. एकदा वाजवल्या, मग जोरात वाजवल्या. तुम्ही ऐकल्यात. तुमचे डोळे दाराकडे वळले, मी फटीतून बघितलं. मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "दमले हो मास्तर," म्हणत सगळे उठले. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. आपलं शेवटचं भांडण तेवढ्यावरच राहिलं.

तुमच्या मागे मी भाऊजींना निबंधाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "वहिनी, सभेतलं निराळं. दादाची तशी इच्छा असती तर त्याने बोलून दाखवली नसती का? शेवटपर्यंत शुद्धीवर होता." बरोबरच होतं त्यांचं. कौलांचं बोललात, राहाटाचं बोललात, माझंच नेमकं राहिलं.

नवव्या दिवशी आत्याबाई एकट्याच आल्या. मी सरळ म्हटलं, "मला केस उतरवायचे नाहीत." वाटलं, आता कडाडतील. तर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मला तरी कुठे हवं होतं गं? एवढीशी होते. न्हाव्याच्या हाताला चावले मी. चौघींनी धरून ठेवलं."

"मग मला का करायला लावता?"

"मग जाशील कुठे? आळीत राहायचं तर आळीसारखं राहावं लागतं. दुसरीकडे कोण विचारतंय तुला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून न्हाव्याला नको म्हणाल्या असत्या, असं मात्र समजू नका. तोवर मी त्यांना मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या होत्या, त्या दिवसापासून घालत नाही. पण "जाशील कुठे" तेवढं माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

तरीही, वेडी म्हणा मला, माझी तुमच्यावर आशा होती. दहाव्याच्या पिंडाची. कावळा शिवला नाही की माणसं हात जोडतात, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते आठवून शब्द देतात, आणि नेमकं ते बोललं की कावळा येतो. मी भाऊजींना म्हटलं, "कावळा अडला तर एक म्हणून बघा. वहिनीच्या केसांना हात लावणार नाही, असं सर्वांदेखत म्हणा." "दादा अडला तर म्हणेन," म्हणाले. माणूस वाईट नाही. मला वाटलं, जिवंतपणी धीर झाला नाही, निदान आता तरी कराल. आळीने माझं ऐकलं नसतं, पण कावळ्याचं ऐकलं असतं.

दहाव्याला पुरुष तळ्यावर गेले. न्हावी मागीलदारी मान खाली घालून बसला होता, त्याच्यावर काय रागवायचं? मी आत्याबाईंना म्हटलं, "पुरुष येईपर्यंत थांबा. तिथे काय होतं ते कळू दे." त्या म्हणाल्या, "ते यायच्या आत उरकायचं असतं." दोघीजणी माझे दंड धरायला पुढे सरल्या. तेवढ्यात यमू मध्ये आली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्या पुढ्यात उभी राहिली आणि आपली वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते बघितलं आणि मी उठले. बाई उठून चालायला लागली तर काय करायचं, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी उठलंच नव्हतं. मी पुढच्या दाराने निघाले. भर सकाळी, यमूचा हात धरून, सगळ्या आळीतून. कुणी हाक मारली नाही.

तर अहो, मी कोपरीला आहे. मोनिकाबायच्या ओटीलगतच्या खोलीत. बाजारात तिच्याकडून मी मुळा नि वालाच्या शेंगा घ्यायची, तुम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, यमूकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. "चूल निराली मांड बाय," म्हणाली, "आमचे घरान म्हावरां शिजतं."

म्हणून मी सुखात आहे असं समजून निवांत होऊ नका. सुकटीचा वास जळ्ळा मेला डोक्यात जातो. कोंबड्या अंथरुणात येतात. मी अजून तिच्या हातचं पाणी घेत नाही आणि ती मला त्यावरून चारचौघींत चिडवते. परवा विहिरीवर दोघींनी एका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, आणि संध्याकाळी त्याच दोघी एकमेकींच्या उवा मारत बसल्या होत्या. वळण म्हणाल तर औषधालाही नाही. यमूच्या लग्नाचं काय होणार, कोण मुलगी करून घेणार, मला माहीत नाही, भीती वाटते. पण ती ओटीवर बसून मोठमोठ्याने वाचते आणि इथे कुणाला त्याचं काही पडलेलं नाही.

राहिलं ते सांगते. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊजी मला शोधत आले. अंगणातच उभे राहिले. माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

"कावळा अडला होता का?" मी विचारलं. "भाऊजी, म्हणालात का तुम्ही?"

"म्हणायची वेळच आली नाही, वहिनी. पिंड ठेवून आम्ही मागे सरलो न सरलो तोच शिवला. सगळे म्हणाले, केवढा पुण्यवान, कसलीच इच्छा राहिली नव्हती." एवढं बोलून ते लहान पोरासारखे रडायला लागले.

मी ओटीवर बसले. केस माझे मी राखले, आता तुमच्याकडे मागायचं काही उरलेलं नाही. पण दोन घटका तरी अडून बसायचं होतंत हो, सगळ्यांदेखत, माझ्यासाठी.